मैदानाची पायरी

संघटनेचा माणूस व्याख्यानाला उभा राहिला की तो वेतनावर, बोनसवर आणि कंत्राटी कामगारांवर बोलणार असे सर्वजण गृहीत धरतात. आम्ही फुटबॉलवर बोलणार हे कळल्यावर आमच्याच सभासदांना हसू आले. परंतु हा विषय आमच्याकडे कामगारांच्या वाटेनेच आला, आणि तो कसा आला हे आधी सांगितले पाहिजे.

आमचा एक सोबती कारखान्यात कामाला होता. पोलादाच्या पट्ट्यांचे भेंडोळे घसरून त्याच्या पाठीवर आले आणि कमरेखालचे शरीर निकामी झाले. तरुणपणी तो कामगारांच्या फुटबॉल संघात गोलरक्षक होता. नुकसानभरपाईसाठी आम्ही कित्येक वर्षे झगडलो. अखेर पैसे हाती पडले, आणि आपले काम संपले असे आम्ही समजलो. एके दिवशी सहज विचारले, "आता काय मनात आहे?" तो म्हणाला, "एक मोठी मॅच मैदानात बसून बघायची."

आम्ही त्याला घेऊन गेलो. ते मैदान आपल्या जिल्ह्यातले नव्हे, आणि त्याचे नाव सांगण्यात काही हशील नाही. तिकिटे होती, उत्साह होता. समोर मात्र पायऱ्या होत्या. चौघांनी त्याला खुर्चीसकट खांद्यावर उचलले. वर पोहोचल्यावर तो हसत म्हणाला, "दादा, चौघं खांद्यावर घेऊन कुणाला नेत्यात, ठावं हाये ना? म्या अजून जित्ता हाये." पुढे गोल झाला. हजारो माणसे ताडकन उठली, आम्हीही उठलो. खाली पाहिले तेव्हा तो आमच्या पाठींकडे पाहत होता. परतताना कळले की त्याने सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता. कारण तिथल्या शौचालयात आपली खुर्ची शिरणार नाही हे त्याने आधीच ओळखले होते. त्या दिवशी आम्हाला समजले की आम्ही त्याला भरपाई मिळवून दिली, पण गर्दीतली जागा मिळवून दिली नाही.

आता कोणी म्हणेल की फुटबॉल हा कलकत्त्याचा, गोव्याचा नाही तर कोल्हापूरचा शौक. मुळशीकरांना त्याचे काय? तर आपल्या म्हाळुंग्याच्या आणि बालेवाडीच्या शिवेवर श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल उभे आहे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी ते बांधले गेले. २०१४ पासून काही वर्षे इंडियन सुपर लीगमधील पुणे संघ आपले घरचे सामने तिथे खेळत असे. २०२२ साली महिलांच्या आशियाई चषकातला चीन आणि जपान यांचा उपांत्य सामना तिथेच झाला. नेरूळच्या मैदानावर तर २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचा उपांत्य सामना आणि २०२२ मध्ये मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. म्हणजे मोठा सामना आपल्या उंबरठ्यापर्यंत आलेला आहे. तो पाहायला कोण जाऊ शकतो आणि कोण नाही, एवढाच प्रश्न उरतो.

या प्रश्नाचा उलगडा करायचा तर मैदानाचा दरवाजा नव्हे, घराचा दरवाजा आधी पाहावा. पौडच्या एखाद्या घरातून चाकाच्या खुर्चीवरचा माणूस निघाला. अंगणातून रस्ता, रस्त्यावरून बस, बसमधून उतरून फाटक, फाटकातून जागा, जागेवरून शौचालय, आणि सामना संपल्यावर हाच सगळा प्रवास उलटा. ही एक साखळी आहे. सायकलच्या साखळीची एक कडी तुटली तर बाकीच्या कड्या कितीही भक्कम असोत, चाक फिरत नाही. मैदानात उत्तम सोय केली आणि बसला तीन उंच पायऱ्या ठेवल्या, तर ती सोय नुसती पाहण्यापुरती राहते.

पहिली कडी उताराची. तो डोळ्यांच्या अंदाजाने बांधायचा नसतो. त्याला हिशेब आहे. एक फूट उंची चढायची तर बारा फूट लांबीचा उतार हवा. पंधरा सेंटिमीटरच्या एका पायरीसाठी एक मीटर ऐंशी सेंटिमीटर. अशा तीन पायऱ्या असतील तर सुमारे साडेपाच मीटर. चढ लांब असेल तर मध्ये विसाव्याला सपाट जागा, आणि दोन्ही बाजूंना हाताला धरायला कठडा. पुष्कळ ठिकाणी जागा वाचवण्यासाठी उतार इतका उभा करतात की वर जाताना खुर्ची मागे उलटेल आणि खाली येताना हातातून सुटेल. तसला उतार हा केवळ निरीक्षकाला दाखवण्यासाठी असतो.

दुसरी कडी दृष्टीची, आणि इथेच बहुतेक लोक चुकतात. खुर्ची आत गेली म्हणजे काम झाले असे त्यांना वाटते. परंतु सामन्यातला सर्वांत मोलाचा क्षण म्हणजे जेव्हा सारे उभे राहतात तो. बसलेल्या माणसाच्या डोळ्यांची उंची उभ्या माणसाच्या छातीएवढीही नसते. म्हणून खुर्च्यांसाठीचा चौथरा असा उंच हवा की पुढची रांग उभी राहिली तरी तिच्या डोक्यांवरून मैदान दिसावे. असे चौथरे एकाच कोपऱ्यात नकोत. स्वस्त तिकिटाच्या बाजूलाही हवेत आणि महागाच्याही. शेजारी सोबत्याला बसायला जागा हवी. बाप एका टोकाला आणि मुलगा दुसऱ्या टोकाला, असा सामना पाहण्यात कसली गंमत?

तिसरी कडी शौचालयाची. दार नव्वद सेंटिमीटर रुंद, आत खुर्ची वळवायला दीड मीटरचे वर्तुळ, भिंतीला आधाराचे दांडे. दार बाहेरच्या बाजूला उघडावे, म्हणजे आत कोणी पडला तर त्याच्याच शरीराने दार अडणार नाही. या लहान गोष्टी आहेत. पण माणूस दिवसभर तहानलेला राहतो तो याच लहान गोष्टींपायी.

अपंगत्व फक्त पायांचे नसते. अंध माणूस मैदानात कशाला जाईल, असे विचारणाऱ्यांनी बाळ ज. पंडितांचे आकाशवाणीवरचे क्रिकेटचे धावते वर्णन आठवावे. सारा महाराष्ट्र कानांनी सामना पाहत होता. तेच शास्त्र इथे कामाला येते. प्रेक्षकाच्या कानात लहान यंत्र असते आणि समालोचक चेंडू कुठे आहे, कोणाकडे गेला, कोण धावला हे सांगत राहतो. भोवतालचा गजर मात्र अंध प्रेक्षक स्वतःच ऐकतो, आणि त्यासाठीच तर तो आलेला असतो. कर्णबधिरांसाठी ध्वनिक्षेपकावरची प्रत्येक सूचना फलकावर लिहून यावी. विशेषतः पळा म्हणून सांगायची वेळ आली तर! आगीत लिफ्ट बंद पडते. तेव्हा खुर्चीवरच्या माणसाने कुठे थांबायचे आणि त्याला कोणी बाहेर काढायचे हे आधीच ठरलेले आणि सरावलेले असले पाहिजे. कारखान्यात आम्ही ज्या कवायतीसाठी भांडतो तीच ही.

हे सारे कोणाच्या मेहेरबानीवर सोडलेले नाही. १९९५ साली पहिला कायदा झाला, म्हणजे बालेवाडीचे संकुल उभे राहिले तेव्हा तोही नव्हता. पुढे २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम आला. सरकारी असो वा खाजगी, जिथे लोक जातात ती करमणुकीची जागादेखील त्याच्या कक्षेत येते. नियमांत न बसणाऱ्या नव्या बांधकामाला परवानगी द्यायची नाही, आणि जुन्या सार्वजनिक इमारती नियम निघाल्यापासून पाच वर्षांत सुधारायच्या, असे त्यात लिहिले आहे. नियम जून २०१७ मध्ये निघाले. मुदत २०२२ मध्ये सरली. राजीव रतुरी यांच्या दाव्यात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गाठ सोडवली. कायदा सक्ती करतो आणि नियम मात्र नुसती शिफारस करतो, हे चालणार नाही, असे सांगून न्यायालयाने तो नियम रद्द केला आणि सक्तीची मानके ठरवण्यास सरकारला तीन महिने दिले.

परंतु कायद्याचा कागद आपल्या पायांनी चालत नाही हे आम्ही जन्मभर पाहिले आहे. इंग्लंडसारख्या फुटबॉलवेड्या देशातही अपंग प्रेक्षकांच्या संघटना वर्षानुवर्षे पाठीस लागल्या, तेव्हा कुठे २०१५ मध्ये तिथल्या प्रीमियर लीगच्या श्रीमंत क्लबांनी दोन वर्षांत सोयी करण्याचा शब्द दिला. संघटनेवाचून मिळालेले आम्ही तरी काही पाहिलेले नाही.

दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला, असे येतात किती जण? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे एकोणतीस लाख साठ हजार अपंग नोंदले गेले. ते मैदानात दिसत नाहीत, कारण त्यांना येता येत नाही. नदीवर पूल नाही म्हणून पलीकडे कोणी जात नाही, आणि कोणी जात नाही म्हणून पूल नको, हा कुठला न्याय? दुसरा आक्षेप खर्चाचा. नकाशावरच उतार काढला तर तो थोडक्यात होतो. बांधून झाल्यावर भिंत फोडायची तर महाग पडतो. शिवाय त्या उतारावरून म्हातारी माणसे जातात, गरोदर बाई जाते, लेकरू कडेवर घेतलेली आई जाते. आणि आज धडधाकट असलेला कामगार उद्या कुठल्या भेंडोळ्याखाली सापडेल हे कोणी सांगावे?

आपल्या भाषेत "पायरी ओळखून वाग" असे म्हणतात. मैदानाची पायरी आमच्या सोबत्याला नेमके तेच सांगत होती. त्याची मागणी दयेची नाही. त्याला तिकिटाचे पैसे द्यायचे आहेत, पंचाच्या नावाने ओरडायचे आहे, आणि चार खांद्यांवाचून आपल्या जागेवर जायचे आहे.

तेव्हा आमची विनंती मोठी नाही. पुढच्या वेळी सामन्याला, कुस्तीच्या आखाड्याला किंवा नाटकाला जाल तेव्हा पायऱ्या मोजा आणि व्यवस्थापकांना लेखी विचारा, की खुर्चीवरच्या माणसाने कुठून यायचे? पत्राची पोच घ्या. एकाने विचारले तर ते पत्र टोपलीत जाईल, पन्नासांनी विचारले तर त्याची फाईल होईल. आणि सुरुवात घरापासून करायची असेल, तर ज्या मंडपात आपण या व्याख्यानांना जमतो त्याच्याही पायऱ्या मोजा. आम्ही मोजल्या. पाच आहेत.