रुळावरची खबर, पडद्यावरची गाडी

सोलापूर सोडल्यावर पंधराएक किलोमीटरवर होटगी जंक्शन लागते. इथे रेल्वेला दोन फाटे फुटतात. एक कलबुर्गी, वाडीवरून चेन्नईकडे जातो. दुसरा विजयपूर, बागलकोटवरून गदगला. पहिला मध्य रेल्वेच्या ताब्यातला, दुसरा दक्षिण पश्चिम रेल्वेच्या. सोलापूरकरांना होटगी ठाऊक असते ती मठामुळे, तलावामुळे, सिमेंटच्या कारखान्यामुळे. रेल्वेच्या लेखी मात्र हे माहितीच्या देवघेवीचे नाके आहे आणि ते आजचे नाही.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची गाडी १८६० मध्ये सोलापुरात आली, १८७१ मध्ये रायचूरला जाऊन मद्रास रेल्वेला भिडली. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात दख्खन होरपळले आणि धान्य पोचवायला आडवाटेवरही रूळ हवेत, हे सरकारला कळून चुकले. त्यातूनच सदर्न मराठा रेल्वेचा होटगी-गदग मार्ग १८८४ मध्ये सुरू झाला. तो मीटरगेज, मुख्य मार्ग ब्रॉडगेज. त्यामुळे होटगीला प्रत्येक पोते एका वॅगनमधून उतरवून दुसऱ्यात चढवावे लागे. पोत्यापाठोपाठ कागद चाले: पावती, वजन, वॅगनचा क्रमांक, पुढच्या स्टेशनला तार. माल हमालांच्या पाठीवरून जाई, खबर तारबाबूच्या बोटांतून.

रेल्वेची सगळी उतरंड या खबरीभोवती रचली गेली. एकेरी मार्गावर ड्रायव्हरच्या हाती टोकनचा लोखंडी गोळा पडल्याशिवाय गाडी पुढच्या टप्प्यात शिरत नसे. दोन स्टेशनांमध्ये एका वेळी एकच गोळा बाहेर निघे, म्हणून गाडीही एकच. स्टेशन मास्तर पुढच्या स्टेशनाकडून ‘लाइन क्लिअर’ची परवानगी घेई, गाडी गेल्याची वेळ कंट्रोलला फोनवर सांगे. तिथे सेक्शन कंट्रोलर मोठ्या तक्त्यावर पेन्सिलीने तिरकी रेघ ओढी. आडव्या अंगाला वेळ, उभ्या अंगाला स्टेशने. दोन रेघा जिथे छेदतील तिथे क्रॉसिंग. मुरलेला कंट्रोलर त्या रेघांच्या उतारावरूनच ओळखे की गाडी कुठे रेंगाळली.

आता तो तक्ता संगणकावर आला आहे. १९८६ मध्ये स्थापन झालेल्या ‘क्रिस’ या रेल्वेच्याच माहिती केंद्राने कंट्रोल ऑफिससाठी प्रणाली उभी केली. इंजिनांवर बसवलेली ‘आरटीआयएस’ ही यंत्रे इस्रोच्या उपग्रहांच्या मदतीने दर ३० सेकंदांनी गाडीचा ठावठिकाणा कळवतात. रेघ आपोआप उमटते. फोनवर वेळा सांगण्याचे आणि लिहून घेण्याचे काम आटले. कंट्रोलरचा वेळ आता पुढच्या दोन तासांत कोणती गाडी कुठे थांबवायची, या विचारासाठी मोकळा होऊ लागला आहे.

पुढचा टप्पा बिघाडाच्या निदानाचा. होटगीजवळच्या फताटेवाडी-आहेरवाडी परिसरात एनटीपीसीचे १,३२० मेगावॅटचे औष्णिक केंद्र आहे. अशा केंद्रांचा कोळसा वाहणारी ५८ वॅगनची मालगाडी घेतली तर चाके होतात ४६४. ॲक्सलच्या टोकाचे एखादे बेअरिंग तापले आणि वेळीच लक्षात आले नाही, तर ॲक्सल तुटून गाडी घसरू शकते. म्हणून गाडी स्टेशनातून धडधडत जाताना एका बाजूला स्टेशन मास्तर आणि दुसऱ्या बाजूला सांधेवाला उभा राहतो. धूर, करपलेला वास, लोंबणारा भाग, नेहमीपेक्षा वेगळा खडखडाट यांचा कानोसा घेतो आणि सारे ठीक असेल तर हिरवा झेंडा दाखवतो. आता निवडक ठिकाणी रुळांना चिकटवलेले संवेदक चाकाचा ठोका मोजतात, तर मायक्रोफोन बेअरिंगचा आवाज ऐकतात. रुळांलगतच्या कॅमेऱ्यांनी टिपलेल्या चित्रांतून निखळलेला भाग हुडकणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रणेसाठी रेल्वेने जुलै २०२५ मध्ये मालवाहतूक मार्गिका महामंडळाशी करार केला.

माणसाचे डोळे दमतात, कॅमेऱ्याचे नाहीत. ही यंत्रे हवीतच. प्रश्न आहे तो त्यांनी वा माणसांनी दिलेला इशारा कार्यालयात कोण ऐकतो, याचा.

८ फेब्रुवारी २०२३ रोजी दक्षिण पश्चिम रेल्वेवरच, कर्नाटकातल्या होसदुर्ग रोड स्टेशनात, संपर्क क्रांती एक्स्प्रेसच्या लोको पायलटला सांधे भलत्याच मार्गाकडे वळलेले दिसले आणि त्याने गाडी थांबवली. स्टेशनच्या पॅनेलवर मार्ग बरोबर दिसत होता. दुसऱ्याच दिवशी त्या रेल्वेच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने सिग्नल यंत्रणेत गंभीर दोष असल्याचे पत्र लिहिले. चार महिन्यांच्या आत, २ जूनला, ओडिशात बहानगा बाजारला हिरवा सिग्नल मिळालेली कोरोमंडल एक्स्प्रेस लूप लाइनवर शिरून उभ्या मालगाडीवर आदळली. २९० हून अधिक माणसे गेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत आढळले की सिग्नलच्या जोडणीत चुका होत्या आणि फाटकाजवळच्या पेटीतल्या तारांवरच्या चिठ्ठ्या कित्येक वर्षे चुकीच्या होत्या. बहानगा बाजारच्या सांध्यांच्या विचित्र वागण्याची खबर वेळेवर पुढे गेली असती, तर दुरुस्ती होऊ शकली असती, असेही त्या अहवालात म्हटले आहे.

‘कवच’ ही स्वदेशी यंत्रणा लाल सिग्नल ओलांडू पाहणारी गाडी आपोआप थांबवते. तिचे मोल मोठे आहे. पण सिग्नलची माहिती तिला स्टेशनातल्या यंत्रणेकडूनच मिळते. तीच चुकली तर कवचही चुकीच्या माहितीवर चालणार. शेवटी चिठ्ठी नीट लावणारा तंत्रज्ञ आणि ‘काहीतरी बिघडलंय’ म्हणणारा स्टेशन मास्तर यांच्यावरच सारे येते.

रेल्वेतील डिजिटल बदलाचा खरा कस इथे लागतो. यंत्रांनी टिपलेली माहिती खालून वर झपाट्याने जाते. वरून खाली मात्र रखडते. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, रूळ प्रसरण पावतात आणि भर दुपारी गस्त घालावी लागते. रुळांची देखरेख करणारा कीमन हातोडा घेऊन क्लिपा ठोकत आपल्या हद्दीतून पायी फिरतो. अनेक ठिकाणी त्याच्याजवळ जीपीएस यंत्र असते आणि तो कुठवर पोचला हे साहेबांना पडद्यावर दिसते. गाडी कुठवर आली हे त्याला तितक्या सहज कळत नाही. ताशी ११० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी ३० सेकंदांत ९०० मीटरहून जास्त अंतर कापते. वळणावर, पावसात, शेजारच्या रुळावरून मालगाडी जात असताना मागून येणारी गाडी ऐकूच येत नाही आणि त्यात गँगमन प्राणाला मुकतात. गाडी जवळ आल्याचा इशारा त्यांना देणारे ‘रक्षक’ हे वॉकीटॉकीसारखे उपकरण तयार आहे, काही मार्गांवर वापरातही आहे. इंजिनावर उपग्रहाची नजर ठेवणे जमलेल्या संस्थेने हे उपकरण प्रत्येक गँगपर्यंत पोचवावे. कीमनने कळवलेल्या प्रत्येक दोषाला क्रमांक द्यावा आणि त्याचे पुढे काय झाले, हे ठरलेल्या मुदतीत त्याच्याच मोबाइलवर कळवावे. कंट्रोलमधला संगणक आज जे काम करतो, त्या मानाने हे अवघड नाही.