डॅशबोर्डवरील काट्यांची साक्ष

इतिहासाच्या अभ्यासकाला आरंभीच एक सवय लावली जाते. ताम्रपट असो की बखर, कोणतेही साधन हाती आले की ते कोणी लिहिले, कोणासाठी लिहिले आणि लिहिणाऱ्याला प्रत्यक्षात काय ठाऊक होते, हे तीन प्रश्न आधी विचारायचे. मोटारगाडीच्या डॅशबोर्डलाही हेच प्रश्न विचारले पाहिजेत, असे आम्हांस वाटते. वरूड परिसरात संत्र्याची वाहतूक करणारी पिकअप, प्रवासी नेणारी जीप किंवा कर्ज काढून घेतलेली जुनी कार यांवर अनेक घरांची चूल पेटते. समोरचा काटा नेमके काय सांगतो, हे कळणे त्या घरांसाठी रोजीरोटीचा आणि प्रसंगी प्राणांचा प्रश्न आहे.

प्रथम वेगाचा काटा पाहू. जर्मन अभियंता ओटो शुल्झ यांनी १९०२ साली एकस्व घेतलेल्या वेगमापकात फिरते चुंबक धातूच्या वाटीला ओढून काटा हलवीत असे. आजच्या गाडीत सेन्सरकडून येणारे विद्युत-ठोके मोजले जातात. साधन बदलले, पण मोजले जातात ते फेरेच, रस्ता नव्हे. टायर झिजला की त्याचा परीघ घटतो आणि काटा वास्तवापेक्षा अधिक वेग दाखवतो; मोठे टायर बसवले की कमी दाखवतो. अनेक देशांनी स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमानुसार काटा खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू शकत नाही. अधिक मात्र दाखवू शकतो. कारचा खरा वेग ताशी ८० किमी असताना काटा ९२ पर्यंत गेला तरी तो नियमात बसतो. म्हणून निर्माते काटा मुद्दामच थोडा पुढे ठेवतात. ही चूक नव्हे, सावधगिरी आहे.

याची पडताळणी करण्यास यंत्र लागत नाही. मोकळ्या, सरळ रस्त्यावर चालकाने काटा ६० वर स्थिर ठेवावा आणि शेजारी बसलेल्याने दोन किलोमीटर-दगडांमधील वेळ घड्याळात पाहावी. ६० सेकंद लागले तर काटा खरा. ६४ लागले तर ३६०० भागिले ६४, म्हणजे खरा वेग सुमारे ५६. दगड क्वचित जागचे हललेले असतात, म्हणून चार-पाच वेळा मोजून सरासरी काढणे उचित.

तापमानाच्या काट्याची गोष्ट निराळी. चढावर वा गर्दीत काटा जरा हलला की ग्राहक घाबरतो. म्हणून अनेक गाड्यांत कूलंटचे तापमान बऱ्याच अंशांनी वरखाली झाले तरी काटा मध्यावरच स्थिर ठेवलेला असतो. तो मध्य सोडून वर सरकू लागला की इशाऱ्याची वेळ सरत आली, असे समजावे. काही लहान गाड्यांत तर काटाच नसतो; केवळ लाल दिवा असतो. शिवाय सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच तो नीट सांगतो. नळी फुटून सारे कूलंट वाहून गेले, तर इंजिन तापत असतानाही काटा शांत राहू शकतो. आपल्याकडील वैशाखात माल भरून निघण्यापूर्वी थंड इंजिनात कूलंटची पातळी डोळ्यांनी पाहणे, याला दुसरा पर्याय नाही. लाल दिवा लागलाच तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे आणि ते निवेपर्यंत रेडिएटरचे झाकण उघडू नये.

तेलाच्या बुधलीचे चित्र असलेल्या लाल दिव्याविषयी मोठा गैरसमज आहे. बहुतेक गाड्यांत तो तेलाची पातळी दाखवत नाही, दाब नाहीसा होत आल्याचे सांगतो. तो पेटल्यावर ‘पुढच्या गावात पाहू’ म्हणणे म्हणजे इंजिनावर पाणी सोडणे होय. पातळी डिपस्टिकनेच पाहावी. एकूण नियम असा: लाल दिवा म्हणजे तत्काळ थांबा, पिवळा म्हणजे लवकर मेकॅनिककडे जा.

इंधनाचा काटा टाकीतील तरंगत्या गोळ्यावर चालतो. गाडीच्या हेलकाव्यांनी तो नाचू नये म्हणून त्याची हालचाल मुद्दाम संथ केलेली असते. ‘अजून इतके किलोमीटर जाल’ हा आकडा तर मागील काही प्रवासावरून बांधलेला अंदाज आहे. रिकाम्या पिकअपचा आकडा भरलेल्या पिकअपला लागू पडत नाही. खरा हिशेब टाकी दोनदा काठोकाठ भरूनच निघतो: ३०० किलोमीटरला १६ लिटर लागले, तर लिटरला १८.७५.

सर्वाधिक सावधपणे वाचायचा आकडा ऑडोमीटरचा. जुन्या गाडीच्या व्यवहारात तो मागे फिरवलेला असू शकतो, डिजिटल असला तरीही. तेथे अंतर्गत पुरावा शोधावा. वीस हजार किलोमीटर दाखवणाऱ्या गाडीच्या पेडलचे रबर गुळगुळीत का? टायरवरील चार अंकी तारीख काय सांगते? २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातील टायर. सर्व्हिसच्या नोंदींशी हे सारे जुळते का? आयुष्यातली पहिली गाडी घेणाऱ्या कुटुंबाची बचत या तीन प्रश्नांनी वाचू शकते.

या काट्यांना खोटे ठरवण्याचा आमचा हेतू नाही. १ जुलै २०१९ पासून नव्या कारमध्ये ताशी ८० किमीच्या पुढे अधूनमधून आणि १२० च्या पुढे अखंड वाजणारा इशारा सक्तीचा झाला, हे स्वागतार्हच आहे. गाडीच्या संगणकाला पुष्कळ काही ठाऊक असते. मेकॅनिकने स्कॅनर लावला की कूलंटचे तापमान अंशांत दिसते. चालकापुढे मात्र त्यातले थोडेच मांडलेले असते. उरलेले विचारून, मोजून घ्यावे लागते. किलोमीटर-दगडांचा प्रयोग आठवीच्या गणितात सहज बसतो. विद्यार्थ्यांनी तो आपल्या गावच्या गाडीवर करून पाहावा आणि आलेले उत्तर त्या गाडीच्या चालकालाही समजावून सांगावे.