सशाला आंघोळ घालावी काय?

शाळाभेटीच्या वेळी काही शाळांतून, तसेच शिक्षकांच्या घरीही, पाळलेले ससे दृष्टीस पडतात. मुलांना मुक्या प्राण्यांचा लळा लागावा हा हेतू स्तुत्यच आहे. मात्र अशा ठिकाणी एक प्रश्न हमखास विचारला जातो : सशाला किती दिवसांनी आंघोळ घालावी? निरोगी सशाला ती कधीच घालू नये, हे ह्याचे उत्तर होय. आणि ते मी स्वतःच्या चुकीतून शिकलो आहे.

नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत माझ्या वर्गात एक पांढरा ससा होता. पौषातल्या एका सकाळी मुलांची नखे व दात तपासून झाल्यावर एकाने विचारले, "आणि सशाचं काय, गुरुजी?" मी हौसेने बादलीभर पाणी व साबण आणविला. ससा प्रथम तडफडला, मग अगदी निश्चल झाला. तो शांत झाला असे आम्हांस वाटले. दुसऱ्या दिवशी तो पिंजऱ्यात मेलेला आढळला. ज्या मुलाने त्याला धरले होते तो चार दिवस शाळेत आला नाही. शेवटी मी त्याच्या घरी गेलो व आंघोळीची आज्ञा माझी होती, हे त्याच्या आईवडिलांसमक्ष सांगितले.

ससा हा भक्ष्य होणारा प्राणी आहे. अत्यंत भ्यालेला ससा पुष्कळदा ओरडत नाही, थिजून जातो. ह्या धक्क्यानेही त्याचा प्राण जाऊ शकतो. त्याच्या शरीराचे तापमान सुमारे ३८.५ ते ४० अंश सेंटिग्रेड असते. दाट लवेत मुरलेले पाणी लवकर वाळत नाही व अंग गार पडत जाते. शिवाय सुटण्यासाठी मागच्या पायांनी जोराची लाथ मारताना त्याचा स्वतःचाच कणा मोडण्याचा संभव असतो.

वस्तुतः ससा मांजराप्रमाणे स्वतःला चाटून स्वच्छ ठेवतो. पुढचे पंजे ओले करून तो तोंड पुसतो, कान खाली ओढून साफ करतो. हे निरीक्षण मुलांकडून वहीत लिहवून घ्यावे. आंघोळीपेक्षा त्यात अधिक शिक्षण आहे.

दुर्गंधी येते ती सशाची नव्हे, त्याच्या जागेची. तो बहुधा एकच कोपरा मलमूत्रासाठी निवडतो. तेथे पसरट पेटीत वर्तमानपत्र व वाळके गवत घालून ते रोज बदलावे. फिनेल वापरू नये. मूत्राचा पांढरा थर व्हिनेगरने सुटतो. नंतर पेटी धुऊन उन्हात वाळवावी. मूत्र कधी तांबूस दिसते. ते प्रत्येक वेळी रक्तच असते असे नाही, खाल्लेल्या पाल्यामुळेही तसा रंग येतो. ससा आपल्याच मऊ लेंड्या खातो, हे पाहून काही शिक्षक मुलांना दूर नेतात. ती घाण नव्हे. त्यातून त्याला जीवनसत्त्वे मिळतात.

मागील भागास मळ चिकटून राहत असेल, तर मात्र दुर्लक्ष करू नये. गवत कमी आणि खिचडी, भाकरी, बिस्किटे अधिक, हे त्याचे नेहमीचे कारण. (मुलांच्या प्रेमाला आवर घालणे कठीण, हे मान्य!) तेवढाच भाग कोमट पाण्याच्या फडक्याने पुसून पूर्ण कोरडा करावा. पावसाळ्यात अशा जागी माश्या अंडी घालतात आणि एका दिवसातच अळ्या मांसात शिरू लागतात. अळी दिसताच, शाळा सुटण्याची वाट न पाहता, ससा पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावा.

केस गळण्याच्या दिवसांत मऊ ब्रशने विंचरावे, कारण गिळलेले केस सशाला ओकून टाकता येत नाहीत. उन्हाळ्यातही त्याच्यावर पाणी ओतू नये. पिंजरा सावलीत ठेवून वर ओले पोते टाकावे, हवा खेळती ठेवावी, आणि कानांवरून ओलसर फडके फिरवावे. त्याच्या अंगातील उष्णता मुख्यतः कानांवाटेच बाहेर पडते.