मालवणात घरभाडं किती? आधी विचारा, कुणाचं

संशोधन आराखड्याच्या पहिल्याच पानावर एक वाक्य हमखास येतं : 'अमुक शहरातील सरासरी घरभाड्याचा अभ्यास करणे.' दिसायला साधं आहे. पण मार्गदर्शकांनी 'कसली सरासरी?' एवढं जरी विचारलं, तरी बरेचजण गप्प होतात. म्हणून आज हे एकच वाक्य सोडवून बघू.

उदाहरणाला मालवण घेऊ. राधानगरी, फोंडाघाट, कणकवली करत आपण कोल्हापूरकर तिथं मासे खायला आणि तारकर्लीच्या पाण्यात उतरायला जातो. सिंधुदुर्ग 1997 मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, 2021 च्या ऑक्टोबरात चिपीचा विमानतळ सुरू झाला. आपण दोन रात्री राहून परत येतो. पण ज्या हॉटेलात जेवलो तिथला वाढपी, दवाखान्यातली नर्स, बदली होऊन आलेले शिक्षक, बँकेतला कारकून, ही माणसं तिथं वर्षभर कुठं राहतात? तुमचा खरा प्रश्न हा असतो. 'सरासरी भाडं' त्याचं उत्तर देतंच असं नाही.

आपल्याच जिल्ह्यातला पाऊस आठवा. गगनबावड्यात शिरोळच्या कित्येक पट पडतो. जिल्ह्याची सरासरी काढली तर तेवढा पाऊस ना गगनबावड्यात पडतो, ना शिरोळात. पर्यटनाच्या गावात भाड्याचं असंच होतं. समजा (आकडे काल्पनिक आहेत, फक्त हिशेबासाठी) तुम्हाला नऊ घरांच्या जाहिराती मिळाल्या. सहांचं महिन्याचं भाडं 5,000, 5,500, 6,000, 6,500, 7,000 आणि 8,000. उरलेले तीन समुद्राकडचे बंगले : 30,000, 45,000, 60,000. सरासरी येते 19,222. या भाड्याला त्या नऊपैकी एकही घर मिळत नाही. मध्यक मात्र 7,000. म्हणजे मध्यक वापरला की झालं? नाही. मध्यक फक्त टोकाच्या किमतींपासून वाचवतो. त्या यादीत कुठली घरं आलीच नाहीत, हे तो सांगू शकत नाही.

आणि खरी गोम तिथंच आहे. जाहिरातीत दिसतं ते आज रिकामं असलेलं घर. दहा वर्षं एकाच खोलीत राहणाऱ्या भाडेकरूचं भाडं जाहिरातीत कधीच येत नाही, ते बहुतेक वेळा कमी असतं. तुम्ही जाहिराती मोजल्या तर नव्यानं येणाऱ्याची अडचण मोजली. घरोघर फिरून सर्व्हे केला तर राहणाऱ्यांची. दोन्ही आकडे बरोबर असू शकतात, फक्त दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत ती.

मग नोंदणीकृत करार का घेऊ नयेत? जरूर घ्या. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. पण तोंडी व्यवहारावर दिलेली मागची खोली त्यात नसते, हे आराखड्यात स्वतःहून लिहा. सरकारी निर्देशांकांचंही तसंच. 2012 पायावर्षाच्या ग्राहक किंमत निर्देशांकात घरभाडं फक्त शहरी भागासाठी मोजलं जायचं. म्हणजे तारकर्लीसारखं गाव त्या हिशेबातच नव्हतं.

आता मालकाच्या बाजूनं बघा. परत काल्पनिक आकडे. तीच खोली महिन्याला 6,000 नं देता येते किंवा रात्रीला 2,000 नं. तीन रात्री भरल्या की महिन्याचं भाडं सुटलं. चादरी, साफसफाई, कमिशन धरून चार-पाच रात्री म्हणा. दिवाळी, नाताळ, मे महिना यांत एवढ्या रात्री सहज भरत असतील तर मालक वर्षभराचा भाडेकरू कशाला ठेवेल? यात मालक लोभी असण्याची गरज नाही, साधा हिशेब आहे. (2,000 ला तीसनं गुणून 'महिन्याला 60,000' लिहिणारे शोधनिबंध मात्र कृपया बाजूला ठेवा. पावसाळ्यात खोल्या रिकाम्या असतात.) म्हणून प्रश्नावलीत भाड्याच्या रकमेबरोबर एक प्रश्न हवाच : ही खोली तुम्हाला बारा महिने मिळते, की फक्त सीझन नसताना?

बार्सिलोनावर 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एअरबीएनबीमुळे शहरातली भाडी सरासरी 1.9 टक्के वाढल्याचं दिसलं. वाचून वाटतं, एवढंच? पण जिथं अशा खोल्या सर्वांत जास्त होत्या त्या वस्त्यांत वाढ 7 टक्के होती. शहराच्या सरासरीत गल्ली बुडून जाते.

परवडण्याचं माप हा आणखी वेगळा घोळ. उत्पन्नाच्या 30 टक्क्यांपर्यंत भाडं म्हणजे परवडणारं, हा नियम आपण डोळे झाकून उचलतो. तो अमेरिकेतल्या सरकारी घरांच्या भाड्यावरून आला : 1969 च्या कायद्यात मर्यादा 25 टक्के होती, 1981 मध्ये ती 30 झाली. त्यामागं निसर्गाचा कुठला स्थिरांक नाही. 14,000 पगाराचा वाढपी 4,000 भाडं देतो, म्हणजे साडेअठ्ठावीस टक्के, 'परवडतं'. उरलेल्या 10,000 मध्ये चौघांचं घर. 37,000 फेलोशिपवाला एकटा संशोधक 12,000 देतो, बत्तीस टक्क्यांच्या वर, 'परवडत नाही'. त्याच्याकडे उरतात 25,000. मायकेल स्टोन या अभ्यासकानं म्हणूनच भाडं वजा जाऊन उरलेल्या पैशांत बाकीच्या गरजा भागतात का, हे मोजायचा आग्रह धरला. मला हेच माप पटतं, जरी त्याला माहिती दुप्पट गोळा करावी लागते.

धोरणातही मापाचा हा गोंधळ आहे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचा घरभाडे भत्ता गावाच्या लोकसंख्येवर ठरतो, तिथल्या भाड्यावर नाही. कोल्हापूर वाय वर्गात, म्हणून 2024 पासून मूळ पगाराच्या 20 टक्के. मालवणची लोकसंख्या 2011 मध्ये वीस हजारांच्याही आत, म्हणून झेड वर्ग, 10 टक्के. सीझनला येणारे पर्यटक जनगणनेत धरले जात नाहीत, पण खोल्या त्यांनीच भरलेल्या असतात.

शेवटची गोष्ट नमुना निवडीची. ज्यांना मालवणात घर परवडलंच नाही ते मालवणातल्या घरोघरच्या सर्व्हेत सापडणार नाहीत, आणि ते वगळले की गाव आहे त्यापेक्षा परवडणारं दिसतं. त्यांना गाठायचं तर कामाच्या ठिकाणी जा, हॉटेलं, दवाखाने, शाळा. नाहीतर सकाळी कुडाळ आणि कणकवलीहून येणाऱ्या एस्टी गाड्यांची वेळ बघून मालवण स्टँडवर उभे राहा. भाड्याच्या रकान्याशेजारी रोजच्या तिकिटाचाही एक रकाना ठेवा.