हौद कोणाचा?

पेशवाईत कात्रजच्या तलावाचे पाणी भुयारी नळाने पुण्यातील हौदांत खेळविले गेले. हौद सार्वजनिक म्हणावयाचे. अस्पृश्यांना मात्र तेथे मज्जाव! १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद त्यांना खुला केला. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव संमत होऊन सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले झाले, पण कागदोपत्रीच. म्हणून २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना कोकणात महाडच्या चवदार तळ्याचे पाणी हजारोंसह ओंजळीने प्यावे लागले.

आज पुण्यात खडकवासल्याचे पाणी नळाने येते. नळ जात विचारीत नाही, हे खरे. परंतु बंगल्यात खोलीखोलीत तोटी आणि काही वस्त्यांत अनेक घरांना मिळून एकच नळ, ही वाटणी कोणी केली? फुल्यांचा हौद आपणास हेच विचारीत आहे.