आकडा वाढला, गल्ला नाही

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात काकांचं मसाल्याचं दुकान आहे. दुकानाच्या साइटसाठी मी गोडा मसाला, मेतकूट यांवर लेख लिहायला लागलो. वाचकांचा आकडा चढला. कौतुकाने दाखवला, तर काका म्हणाले, "त्यातले किती जण पाकीट घेऊन गेले रे?"

उत्तर नव्हतं. खोलात गेलो, तर बरेचसे वाचक आम्हीच: मी, भाऊ, पुण्याची आत्या. गूगल अ‍ॅनालिटिक्समध्ये आपल्या घरचा आयपी पत्ता गाळता येतो, तेवढंही मी केलं नव्हतं (आणि म्हणे इंजिनिअर!). शिवाय तिथे १० सेकंद थांबलेला माणूसही रस घेणारा धरतात. तेवढ्यात मेतकुटाची डाळसुद्धा भाजून होत नाही.

सर्च कन्सोलने डोळे उघडले. लोक काय शोधत येतात ते तिथे दिसतं. आमच्याकडे येणारे 'मेतकूट कसं करायचं' शोधत होते, 'कुठे मिळेल' नव्हे. मी गिऱ्हाइकांना ते घरीच करायला शिकवत होतो!

आता प्रत्येक लेखाखाली व्हॉट्सअ‍ॅपची लिंक आहे. मेसेजमध्ये लेखाचं नाव आधीच भरलेलं येतं, त्यामुळे ऑर्डर कुठल्या लेखामुळे आली ते कळतं. काकांनी गल्ल्याशेजारी वहीही ठेवलीय. नवं गिऱ्हाईक आलं की विचारतात, "आमचं नाव कुठून कळलं?" महिनाअखेरीला आम्ही आधी ती वही उघडतो.