यजमान, अतिथी आणि भिंत : कार्बन नॅनोनलिकेच्या पृष्ठभागावरील रसायन

शास्त्रीय संज्ञेचा अनुवाद करताना तिच्यातील रूपकही आपल्या भाषेत येते आणि येथील अर्थच्छटा धारण करते. ‘यजमान-अतिथी रसायन’ ही संज्ञा या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. चार्ल्स पेडरसन यांच्या १९६७ मधील क्राउन ईथरविषयक संशोधनापासून या शाखेचा प्रारंभ मानतात. डोनाल्ड क्रॅम यांनी हे नाव रूढ केले. १९८७ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक या दोघांना ज्याँ-मारी लेन यांच्यासह मिळाले. मोठ्या रेणूच्या पोकळीत लहान रेणू सामावतो. दुर्बळ आकर्षण त्यास पुरते आणि अतिथी परतही जाऊ शकतो, हे येथील मूळ सूत्र होय.

कार्बन नॅनोनलिका या संसारात सहज बसत नाही. ग्राफाइटच्या एकाच थराची गुंडाळी करावी तशी तिची रचना असून एकपदरी नलिकेचा व्यास सामान्यतः एक-दोन नॅनोमीटर असतो. १९९८ मध्ये फुलरिनचे रेणू अशा नलिकेच्या आत ओळीने बसलेले आढळले. तेथे नलिकेस यजमान म्हणणे यथार्थच आहे. बाहेरील पृष्ठभागावर मात्र पोकळीच नाही. शिवाय नलिका परस्परांना चिकटून जुडग्याने राहतात व पाण्यात विरघळत नाहीत. त्यांना सहसंयुजी बंधाने काही जोडावे, तर त्या ठिकाणी षट्कोनी जाळीची घडी मोडते आणि विद्युत्‌वहनास बाध येतो. म्हणून पायरीन हा चार वलयांचा सपाट रेणू वापरतात. तो भिंतीला पाठ लावून टेकतो. जाळी अबाधित राहते.

या पायरीनला सायक्लोडेक्स्ट्रिन जोडले की चित्र पालटते. बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन हे सात ग्लुकोज घटकांचे कडे. बाहेरून पाण्याशी सख्य राखणारे, आतून तेलकट रेणूंना आश्रय देणारे. ओसाका विद्यापीठातील आकिरा हाराडा यांच्या गटाने २००७ मध्ये अशी कडी नलिकांवर बसवली आणि लांब कार्बनसाखळ्या लावलेले पॉलिअ‍ॅक्रिलिक आम्ल त्यांत मिसळले. साखळ्या कड्यांत शिरल्या आणि द्रावणाचे जेल झाले. पुढे अ‍ॅडमंटेनचा क्षार घालताच तो कड्यांत जाऊन बसला, साखळ्या सुटल्या, जेल पुन्हा द्रव झाले. विशेष हे की, सहा घटकांचे मोकळे अल्फा-सायक्लोडेक्स्ट्रिन घातल्यानेही तेच घडले. या वेळी साखळ्यांना दुसऱ्या यजमानाने ओढून नेले होते.

या उदाहरणात यजमान कोण? मराठी विवेचनात ‘नलिका यजमान, पायरीन अतिथी’ अशी वाटणी करण्याचा मोह होतो. पण मग अ‍ॅडमंटेन नेमका कोणाच्या घरी आला आणि त्याने कोणाला बाहेर काढले, हे सांगता येत नाही. (संस्कृतात ‘यजमान’ म्हणजे स्वतःसाठी यज्ञ करविणारा, त्याचे आतिथ्य हा पुढचा अर्थविस्तार.) माझ्या मते नलिकेस ‘आधार’, पायरीनला ‘नांगर’ आणि सायक्लोडेक्स्ट्रिनला ‘यजमान’ म्हणावे. ‘अतिथी’ ही संज्ञा कड्यात ये-जा करणाऱ्या रेणूपुरतीच राखावी.